प्रोटीन स्किमर नीट काम करतो आहे की नाही, हे कसे ओळखायचे?

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागला की वर मळी येते. ती वेळच्या वेळी झाऱ्याने काढावी लागते, नाहीतर गूळ काळपट होतो. पण गूळ कसा होणार, हे गुळव्या बाहेर काढलेल्या मळीच्या ढिगावरून ठरवत नाही. त्याची नजर काहिलीतल्या रसावर असते.

घरात खाऱ्या पाण्याची प्रवाळ टाकी ठेवणाऱ्यांकडेही असाच एक झारा असतो. त्याचे नाव प्रोटीन स्किमर. हे यंत्र चांगल्यापैकी महाग असते, दिवसरात्र चालते आणि त्याच्या कपात जमणारा काळपट, घाण वासाचा द्रव पाहून मालकाला समाधान वाटते. कप रिकामा दिसला की काळजी सुरू होते. पण भरलेला कप म्हणजे चांगला स्किमर आणि रिकामा कप म्हणजे बिघडलेला स्किमर, हे दोन्ही निष्कर्ष बरेचदा चुकतात. स्किमरची परीक्षा तीन ठिकाणी करावी लागते: फेसात, कपात आणि टाकीच्या पाण्यात. ती कशी करायची ते क्रमाने पाहू.

स्किमर नेमके काय करतो?

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, शेवाळ आणि प्रवाळांनी सोडलेला चिकट स्राव यांतून पाण्यात सेंद्रिय पदार्थ मिसळत राहतात. यातल्या बऱ्याच रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, तर दुसरे पाण्यापासून दूर जाऊ पाहते. अशा रेणूला हवा आणि पाणी यांच्या सीमेवर बसणे सोयीचे असते. हवेचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे अशीच एक सीमा.

स्किमरचा पंप हवा ओढून तिचे अतिशय बारीक बुडबुडे करतो. हे बुडबुडे उभ्या नळकांड्यातून वर जाताना सेंद्रिय पदार्थ, काही जिवाणू आणि बारीक कण सोबत घेतात. वरच्या निमुळत्या भागात, म्हणजे स्किमरच्या मानेत, त्यांचा फेस होतो. फेसातले जास्तीचे पाणी खाली निथळते आणि उरलेला घट्ट फेस वर सरकून कपात पडतो. डाळ शिजताना वर येणारा फेस आपण पळीने काढतो, तसाच हा प्रकार.

खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत सहज मिसळत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात. गोड्या पाण्यात ते पटकन एकत्र येऊन मोठे होतात. त्यामुळे घरातल्या साध्या गोड्या पाण्याच्या टाकीत हे यंत्र उपयोगी पडत नाही.

स्किमरचे दुसरे काम अनेकांच्या लक्षात येत नाही. तो पाण्यात भरपूर हवा मिसळतो. त्यामुळे पाण्याला ऑक्सिजन मिळतो आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कपात काहीच जमत नसले तरी हे काम चालूच असते.

किती अपेक्षा ठेवावी?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ आणि २०१० मध्ये वेगवेगळ्या स्किमरची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या चाचण्यांत स्किमरने पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच भाग काढला. बाकीचा भाग बुडबुड्यांना चिकटतच नव्हता.

त्यांनी कपातल्या मळीचेही रासायनिक विश्लेषण केले. समुद्राच्या पाण्यातले नेहमीचे क्षार वगळले, तर मळीच्या घन भागात कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम कार्बोनेट आणि सिलिका यांचा वाटा मोठा निघाला. सेंद्रिय कार्बन तुलनेने कमी होता. म्हणजे कपातली मळी कितीही काळी दिसली, तरी पाण्यातली किती घाण निघाली ते तिच्या रंगावरून मोजता येत नाही.

म्हणून 'माझा स्किमर सगळी घाण काढतो का?' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या वाट्याचे काम तो रोज सारखेपणाने करतो का, एवढेच विचारायचे.

नवा स्किमर: निकाल लावायची घाई नको

नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातले तेलकट अंश असतात आणि आतल्या भिंतींवर जिवाणूंचा पातळ थर बसलेला नसतो. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस, कधी कधी दोन-तीन आठवडे, तो लहरीपणे वागतो. कधी फेस मानेपर्यंत येतच नाही, तर कधी पाणी उसळून कप भरतो. या काळात रोज झडप फिरवत बसू नका. बुडबुडे मानेच्या खालच्या टोकाशी राहतील इतपत झडप ठेवा आणि वाट पाहा.

टाकी नवी असेल आणि तिच्यात एक-दोनच मासे असतील, तर स्किमरला काढण्यासारखे पाण्यात फारसे काही नसते. अशा टाकीत कप आठवडाभर कोरडा राहिला तरी त्यात वावगे काही नाही.

पहिली खूण: फेस

रोज एक मिनिट स्किमरसमोर उभे राहा आणि तीन जागा पाहा.

*नळकांडे.* बुडबुड्यांमुळे आतले पाणी दुधासारखे पांढरे दिसले पाहिजे. बुडबुडे वेगवेगळे मोजता येण्याइतके मोठे दिसत असतील किंवा आतले पाणी पारदर्शक असेल, तर हवा कमी पडते आहे.

*मान.* फेस खालून वर जाताना कोरडा आणि दाट होत गेला पाहिजे. खाली ओलसर बारीक बुडबुडे आणि वर मोठे, तपकिरी, हळूहळू सरकणारे बुडबुडे ही चांगली खूण. मानेत पाणीच उसळत असेल तर पातळी फार वर आहे. फेस मानेच्या मध्यावर येऊन फुटत असेल तर पातळी खाली आहे, किंवा पाण्यात तेलकट काहीतरी गेले आहे.

*बाहेर पडणारे पाणी.* त्यातून सतत बारीक बुडबुडे मुख्य टाकीत जात असतील तर मांडणीत दोष आहे. नव्या स्किमरमध्ये मात्र असे काही दिवस होते.

हवेची तपासणीही सोपी आहे. हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर क्षणभर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे, पंपाचा आवाज बदलला पाहिजे आणि बुडबुडे कमी झाले पाहिजेत. ओढ मंद वाटली, तर बहुतेक वेळा नळीच्या आतल्या टोकाशी मिठाचे खडे जमलेले असतात.

मासे नुकतेच खाऊन झाले असतील तर फेसावरून निकाल लावू नका. खाद्यातल्या तेलाने फेस बसतो आणि काही तासांनी आपोआप परत येतो. टाकीत हात घातल्यावरही असेच होते, विशेषतः हाताला क्रीम किंवा खोबरेल तेल लागलेले असेल तर.

दुसरी खूण: कप

कपातल्या द्रवाचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. कडक काळ्या कॉफीसारखा, दाट आणि उग्र वासाचा द्रव आला तर स्किमर कोरडा चालतो आहे. फिक्या चहासारखा आणि प्रमाणाने जास्त द्रव आला तर तो ओला चालतो आहे. दोन्ही पद्धती चालतात. ओल्या पद्धतीत घाण थोडी जास्त निघू शकते, पण तिच्याबरोबर खारे पाणीही जास्त जाते.

खरा धोका इथे आहे. समजा तुमची टाकी २०० लिटरची आहे आणि झडप चुकल्यामुळे कपात रोज एक लिटर जवळपास साधे खारे पाणी जमते आहे. कप भरलेला पाहून तुम्ही खूश आहात. पाण्याची पातळी उतरली की आपोआप भरणारी यंत्रणा तेवढेच गोडे आरओ पाणी टाकीत सोडते. मीठ रोज बाहेर जाते आणि त्याच्या जागी गोडे पाणी येते. सुरुवातीला लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ असेल, तर दहा दिवसांत ते सुमारे ३३ ग्रॅमवर येते आणि महिनाभरात ३० ग्रॅमवर. प्रवाळे आकसतात, रंग सोडतात आणि मालक मात्र दिव्यात, खाद्यात आणि खतात दोष शोधत बसतो. कप नेहमीपेक्षा जास्त भरू लागला, तर सर्वात आधी पाण्याचा खारेपणा मोजा.

तेव्हा कपात किती जमले यापेक्षा ते रोज साधारण सारखे जमते का, याला महत्त्व द्या. तुमच्या टाकीत आठवड्याला अर्धा कप दाट द्रव येत असेल, तर तुमच्यापुरते तेच प्रमाण. मित्राचा कप दोन दिवसांत भरतो म्हणून तुमचा स्किमर वाईट ठरत नाही.

तिसरी खूण: टाकीचे पाणी

*पिवळेपणा.* दोन सारख्या पांढऱ्या बादल्या घ्या. एकीत टाकीचे पाणी, दुसरीत नुकतेच कालवलेले खारे पाणी सारख्या उंचीपर्यंत भरा आणि वरून पाहा. टाकीचे पाणी पिवळसर दिसले, तर त्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ साचले आहेत. हा रंग देणाऱ्या पदार्थांवर सक्रिय कार्बन जास्त चांगले काम करतो. त्यामुळे कप काळा आणि पाणी पिवळे हे दोन्ही एकाच वेळी असू शकते.

*पृष्ठभागावरची साय.* सेंद्रिय पदार्थ हवेच्या सीमेवर जमतात, म्हणजेच टाकीच्या पृष्ठभागावरही. मुख्य टाकीतून वरचे पाणी ओसंडून खालच्या कपाटातल्या सम्प टाकीत आणि तिथून स्किमरकडे गेले पाहिजे. वर तेलकट साय दिसत असेल तर स्किमर चांगला असूनही त्याच्यापर्यंत मळी पोचत नाही.

*नायट्रेट आणि फॉस्फेट.* हे क्षार एकदा तयार झाले की बुडबुड्यांना चिकटत नाहीत, म्हणून स्किमर ते थेट काढू शकत नाही. तो त्यांचा कच्चा माल, म्हणजे न कुजलेले सेंद्रिय पदार्थ, आधीच बाहेर काढतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून स्किमरची परीक्षा होत नाही. चार-सहा आठवड्यांत आकडा कोणत्या दिशेने चालला आहे, ते पाहा. नायट्रेट सतत शून्य असणेही चांगले नव्हे. प्रवाळांना थोडे पोषण लागते आणि ते न मिळाल्यास ती फिकी पडतात.

*पीएच.* दिवे लागण्यापूर्वी, पहाटे पीएच मोजा. तो रोज फार खाली जात असेल तर हवेची देवाणघेवाण कमी पडत असू शकते. पण लगेच स्किमरला दोष देऊ नका. एसी लावून बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो. त्याची हवेची नळी खिडकीबाहेर नेली की बरेचदा फरक पडतो.

तिन्ही खुणा एकत्र वाचा

- कप नियमित भरतो, पाणी स्वच्छ, आकडे स्थिर: स्किमर उत्तम चालला आहे. झडपेला हात लावू नका.
- कप रिकामा, पण पाणी स्वच्छ आणि आकडे कमी: टाकीत घाणच कमी आहे. बिघाड नाही.
- कप दाट भरतो, तरी नायट्रेट वाढते: स्किमर त्याचे काम करतो आहे, पण खाद्य किंवा मासे जास्त आहेत, अथवा वाळूत आणि दगडांमागे गाळ साचला आहे.
- कप रिकामा, पाणी पिवळे, काचेवर शेवाळ, आकडे चढते: आता संशय स्किमरवर. पुढची तपासणी करा.
- कपात भरपूर पातळ पाणी: पातळी किंवा झडप चुकली आहे. खारेपणा मोजा.

फेस कमी झाला तर काय तपासावे?

सोप्या गोष्टींपासून सुरुवात करा.

१. मानेच्या आतून मळीचा थर पुसा. या थरामुळे फेस वर चढत नाही.

२. सम्पमधील पाण्याची पातळी मोजा. उत्पादक ठराविक खोली सांगतो. बऱ्याच यंत्रांना १५ ते २५ सेंटिमीटर पाणी लागते. पातळी दोन-तीन सेंटिमीटर बदलली तरी फेस बदलतो. स्किमर ज्या कप्प्यात आहे तिथली पातळी रोज कमीजास्त होत असेल, तर कोणतीही झडप ती चूक सुधारू शकत नाही.

३. हवेच्या नळीतून थोडे कोमट आरओ पाणी ओढू द्या. मिठाचे खडे विरघळतात.

४. पंप उघडा. फिरत्या चाकावर चुन्याचा थर, गोगलगायीचे कवच किंवा शेवाळाचे धागे अडकलेले असतात. पंप पाणी आणि व्हिनेगरच्या मिश्रणात काही तास ठेवा, घासा आणि स्वच्छ धुवा.

५. एवढे करूनही फेस येत नसेल तर चाक किंवा पंप झिजला असण्याची शक्यता आहे. पूर्ण स्किमर बदलण्याआधी तेवढाच भाग मिळतो का ते विचारा.

मान आठवड्यातून एक-दोनदा आणि पंप तीन-चार महिन्यांतून एकदा साफ केला, तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

स्किमर अचानक उतू गेला तर?

पाण्यात नुकतेच काय गेले ते आठवा. प्रवाळ चिकटवायचा इपॉक्सी, माशांचे औषध, क्लोरीन घालवणारे द्रावण, साबणाचा अंश यांपैकी एखादी गोष्ट बहुधा कारण असते. झडप उघडून फेस खाली आणा किंवा कप काढून ठेवा. एक-दोन दिवसांत फेस शांत होतो. साबण किंवा कीटकनाशक गेल्याची शंका असेल तर पाण्याचा काही भाग बदला आणि ताजा सक्रिय कार्बन लावा.

वीज जाऊन परत येण्याची वेळही धोक्याची. पंप बंद पडले की मुख्य टाकीतले काही पाणी सम्पमध्ये उतरते. वीज आल्यावर स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि काही मिनिटांत कप भरून वाहतो. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते त्यांनी स्किमर पाच-दहा मिनिटे उशिरा सुरू होईल अशी सोय करावी. वीज बराच वेळ गेली तर स्किमरमधून मिळणारा ऑक्सिजनही थांबतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप अशा वेळी मासे वाचवतो.

घरात रंगकाम, पेस्ट कंट्रोल किंवा डासांची फवारणी होणार असेल तर सावध राहा. स्किमर खोलीतली हवाच पाण्यात मिसळतो. हवेची नळी बाहेर न्या, नाहीतर फवारणीच्या वेळेपुरता स्किमर बंद ठेवा आणि पाणी दुसऱ्या मार्गाने खेळते ठेवा.

स्किमर मोठा घ्यावा की लहान?

खोक्यावरचा लिटरचा आकडा ढोबळ असतो. ३०० लिटरच्या टाकीत दहा मासे आणि भरपूर खाद्य असेल, तर काम जास्त. त्याच टाकीत दोन मासे आणि मऊ प्रवाळे असतील, तर काम निम्म्याहून कमी. फार मोठा स्किमर घेतला तर रुंद मानेत फेस टिकून राहण्याइतके सेंद्रिय पदार्थच मिळत नाहीत. मग तो थांबून थांबून चालल्यासारखा दिसतो आणि मालकाला वाटते की यंत्रच बिघडले.

एक वही, एक महिना

कोणताही निर्णय घेण्याआधी महिनाभर नोंद ठेवा. दर आठवड्याला पाच गोष्टी लिहा: कपात किती मिलिलिटर द्रव जमला, त्याचा रंग, खारेपणा, नायट्रेट आणि पहाटेचा पीएच. सम्पची पातळी आणि खाद्य शक्यतो सारखे ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढचा बदल निदान दोन-तीन दिवसांनी करा. महिन्याअखेर तुमच्या टाकीचे 'नेहमीचे' काय ते तुम्हाला कळलेले असेल. त्यानंतर कुठे बिनसले तर ते लगेच दिसेल.

ही मेहनत जिवंत प्राण्यांसाठी आहे, हेही ध्यानात असू द्या. दगडी प्रवाळे भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रातली असोत की अंदमानातली, ती काढणे किंवा विकणे गुन्हा आहे. टाकीत जे ठेवाल ते कायदेशीर मार्गाने आलेले असावे आणि ते जगवण्याची तयारी असावी. त्यासाठी कप जरूर पाहा, पण शेवटचा निकाल टाकीला देऊ द्या. प्रवाळे फुललेली, मासे शांत श्वास घेणारे आणि पाणी निवळशंख असेल, तर कपात किती मळी जमली याची चिंता करण्याचे कारण नाही.